काळ्या गाडीचा गेलेला रंग परत आणताना

मामा सतरा महिने मुलीकडे अमेरिकेत राहून ऑक्टोबरमध्ये परत आले, तेव्हा त्यांची २०१३ ची काळी सेडान सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात, जांभळाच्या झाडाखाली उभी होती. दोन पावसाळे तिने तिथेच काढले होते. जूनमध्ये जांभळांचा सडा पडायचा आणि रात्री वटवाघळं येऊन उरलंसुरलं टपावर टाकून जायची. शेजारच्या विंगचं प्लॅस्टरचं काम चाललं होतं, त्याची सिमेंटची धूळ वेगळीच. खडूने भरलेला फळा ओल्या फडक्याने पुसून वाळू दिला की जसा करडा दिसतो, तसा बॉनेटचा रंग झाला होता.

"आता रंगवावीच लागणार रे ही," मामा म्हणाले.

रंगवावी लागली नाही. दसरा दोन आठवड्यांवर होता. त्याआधीच्या शनिवार-रविवारी आणि एका सोमवारी सकाळी ती मी घरीच परत आणली. ते काम कसं केलं, कुठे थांबलो आणि का थांबलो, हे इथे सविस्तर लिहितो. गाडी कोणत्याही कंपनीची असो, काळी असेल तर क्रम हाच ठेवा.

आधी लॅकर समजून घ्या

आजकालच्या गाडीच्या पत्र्यावर साधारण चार थर असतात. सगळ्यात खाली गंज रोखणारा ई-कोट, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. आपले पेंटर याला लॅकर म्हणतात. चारही थरांची मिळून जाडी बहुतेक गाड्यांवर १०० ते १३० मायक्रॉन भरते. त्यातला लॅकर ३५ ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे आपण ज्यावर पॉलिशचं मशीन चालवणार, तो थर केसापेक्षा बारीक आहे.

काळी गाडी करडी दिसते तेव्हा बहुतेक वेळा काळा रंग खाली शाबूत असतो. बिघडलेलं असतं ते वरचं लॅकर. त्यावर बारीक चऱ्यांचं जाळं झालेलं असतं आणि प्रत्येक चऱ्याची कड उजेड भलतीकडे फेकते. पांढऱ्या गाडीवरही तेवढेच चरे असतात, पण पांढऱ्यावर विखुरलेला पांढरा उजेड डोळ्यांना जाणवत नाही. काळ्यावर एकूण एक चरा उठून दिसतो.

पॉलिश करणं म्हणजे चरा भरणं नव्हे. चऱ्याच्या आजूबाजूचं लॅकर त्याच्या तळापर्यंत घासून सपाट करायचं, म्हणजे चरा उरत नाही. कंपाउंडच्या, म्हणजे जास्त घासणाऱ्या पॉलिशच्या, प्रत्येक हातात एक-दोन मायक्रॉन जातात, जोर लावला तर जास्त. गेलेलं लॅकर परत येत नाही, आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून रंगाला वाचवणारे घटकही याच थरात असतात. "दर सर्व्हिसिंगला रबिंग-पॉलिश मारून घ्या" हा सल्ला मला म्हणूनच पटत नाही. लॅकर ही गाडीची पुंजी आहे, ती मोजूनमापून खर्चायची. साध्या धुण्याने जे निघतं त्याला रसायन लावायचं नाही, रसायनाने निघतं त्याला क्ले (चिकटलेली घाण उचलणारा मऊ गोळा) लावायचा नाही, आणि क्लेने निघतं त्याला मशीन लावायचं नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच हिशोबाने रचल्या आहेत.

जुन्या पद्मिनी, अँबॅसिडर यांच्यासारख्या गाड्यांवर मुळात लॅकरच नसायचं, रंगच वरचा थर असायचा. तुमची गाडी तशी आहे का, हे कळायला दाराच्या आतल्या कडेला थोडं पॉलिश लावून पांढऱ्या फडक्याने चोळा. फडकं काळं झालं तर रंग उघडा आहे. अशा गाडीला मशीनपेक्षा हाताने, सावकाश पॉलिश करणंच बरं.

पॉलिशने काय सुटणार नाही

काम सुरू करण्याआधी तीन गोष्टी शोधा. टपावर किंवा बॉनेटवर लॅकरची सालं निघत असतील, उन्हाने सोललेल्या कातडीसारख्या पांढऱ्या कडा दिसत असतील, तर तो भाग पेंटरकडेच जाणार. त्यावर मशीन फिरवलं तर साल आणखी मोठी निघते. रंगाखाली फोड आले असतील तर आत गंज आहे, तिथेही पॉलिशचं काम नाही. आणि चऱ्यावरून नख आडवं फिरवलं असता नख अडकलं, तर तो चरा सपाट होण्याइतका उथळ नाही. त्याला टच-अपचं पेन लावा. रंगाचा कोड बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो.

मामांच्या गाडीला सालं नव्हती. डाव्या मागच्या दारावर नख अडकणारा एक चरा होता, तो सोडून दिला.

धुणं: अर्धं काम इथेच आहे

जे चरे घालवायला आपण दोन दिवस खपणार आहोत, त्यातले बहुतेक धुताना-पुसतानाच पडलेले असतात. त्यामुळे पहिला नियम: कोरड्या गाडीवर फडकं फिरवायचं नाही. आतून काय निघतंय ते बघायला म्हणून बोटाने कोपरासुद्धा पुसायचा नाही. धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि फडक्याखाली ते पॉलिश पेपरचं काम करतात.

गाडी सावलीत घ्या आणि पत्रा पूर्ण थंड होऊ द्या. सकाळी साडेसहा-सातची वेळ सगळ्यात चांगली. आधी वायपरखालच्या जाळीतला, डिकीच्या आणि दारांच्या खोबणीतला पालापाचोळा हाताने काढा. नाहीतर ऐन धुताना तो पाण्याबरोबर बॉनेटवर येतो. मग नुसतं पाणी, दहा मिनिटं, टपापासून खाली. प्रेशर वॉशर असेल तर नोझल पत्र्यापासून हातभर लांब धरा. उडालेल्या रंगाच्या कडांवर थेट झोत मारू नका.

वटवाघळांची आणि पक्ष्यांची वाळलेली विष्ठा पाण्याच्या झोताने जात नाही. ती खरवडायची नाही. ताप आल्यावर कपाळावर ओली घडी ठेवतात, तशी मऊ फडक्याची भिजलेली घडी त्या डागावर ठेवा. दहा मिनिटांनी डाग सैल होतो, मग तो घडीतच अलगद उचलून घ्या. मामांच्या टपावर अशा चौदा घड्या ठेवल्या होत्या. काही जागी दोनदा ठेवाव्या लागल्या. जांभळाचा डाग काळ्या रंगावर दिसतच नाही. बोट फिरवल्यावर तो खडबडीत लागतो, तेव्हा कळतं. टपावर नजरेने शोधू नका, ओल्या बोटाने शोधा.

आता दोन बादल्या. एकीत कार शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शॅम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, मग मोजा साध्या पाण्यात खळबळून घाण सोडायची आणि पुन्हा शॅम्पूत. साध्या पाण्याच्या बादलीत तळाला जाळी ठेवली तर खाली बसलेली माती परत वर येत नाही. हात गोल फिरवायचा नाही, सरळ रेषेत चालवायचा. आधी टप, मग काचा, बॉनेट, डिकी, दारांचा वरचा भाग आणि शेवटी खालच्या पट्ट्या व बंपर. त्या शेवटच्या भागाला वेगळा मोजा ठेवा, कारण खरी वाळू तिथेच असते.

भांड्याचा साबण मी वापरत नाही. तो वॅक्स धुऊन नेतो आणि रबराच्या पट्ट्याही कोरड्या पाडतो. टेरीकॉटच्या जुन्या शर्टाचं फडकं, बनियन, स्पंज, यांतलं काहीच काळ्या गाडीजवळ आणू नका.

बोअरच्या पाण्यात क्षार असतात. ते पाणी पत्र्यावर वाळलं की प्रत्येक थेंबाच्या जागी पांढरं गोल कडं राहतं आणि काळ्यावर ते लांबूनही दिसतं. म्हणून धुऊन झाल्यावर गाडी आपोआप वाळू देऊ नका. मोठा जाड मायक्रोफायबर टॉवेल पत्र्यावर पसरून वरून हलक्या हाताने दाबा, चोळू नका. पावसाळ्यात मी गच्चीच्या पन्हाळीचं पाणी पिंपात साठवतो, पहिल्या एक-दोन सरी सोडून. त्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून शेवटचं ओतायला तेच वापरतो.

चिकटून राहिलेली घाण

धुतलेल्या गाडीवर हात फिरवा, मग त्याच हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून परत फिरवा. पिशवीतून बोटांना खडबड फार ठळक कळते. काच लागावी इतका पत्रा गुळगुळीत लागला तर हा टप्पा सोडून द्या. सतरा महिने उभ्या गाडीचा लागणार नाहीच.

क्रमाने घ्या. दारांखालचे डांबराचे ठिपके टार रिमूव्हरने काढा. फवारून मिनिटभर थांबायचं, मग टिपून घ्यायचं. रॉकेलनेही डांबर सुटतं, पण त्याचा तेलकट थर मागे राहतो. तो शॅम्पूने धुवावाच लागतो आणि रॉकेल रबराला लागू देता येत नाही. पेट्रोल नको. बंद पार्किंगमध्ये त्याची वाफ साठते आणि एक ठिणगी पुरते.

मग आयर्न रिमूव्हर. ब्रेकच्या आणि कारखान्यांच्या धुरळ्यातले लोखंडाचे सूक्ष्म कण लॅकरमध्ये रुतून बसतात. हे द्रावण त्यांच्याशी मिसळलं की जांभळं होतं. काळ्या पत्र्यावर ते जांभळेपण दिसत नाही, म्हणून काही झालंच नाही असं वाटतं. दाराखालच्या कडेकडे बघा, तिथून टपकणारे थेंब जांभळे असतात. हातमोजे घाला, तीन ते पाच मिनिटांत भरपूर पाण्याने धुवा, वाळू मात्र देऊ नका. वास उग्र असतो, मोकळ्या हवेत काम करा.

क्षारांच्या कड्यांना पांढरं व्हिनेगर. त्यात तेवढंच पाणी मिसळा, फडकं भिजवून डागावर मिनिट-दोन मिनिटं ठेवा आणि लगेच धुऊन टाका. ताजी कडी याने जातात. जुन्या कड्यांचे लॅकरमध्ये खळगे झालेले असतात, ते मशीनवरच सुटतात. सिमेंटचे शिंतोडे असतील तर हाच उपाय दोन-तीन वेळा करा. धारदार वस्तू लावून ते उडवायला जाऊ नका, खालचं लॅकरही बरोबर येतं.

आता क्ले. मऊ कणकेसारखा गोळा असतो. त्यातला लिंबाएवढा तुकडा घ्या आणि पुरीएवढा चपटा करा. पत्र्यावर क्लेचं लुब्रिकंट किंवा पातळ शॅम्पूचं पाणी भरपूर फवारा. क्ले सरळ रेषेत, वजन न देता फिरवा. सुरुवातीला तो अडखळतो, खरखर ऐकू येते. घाण सुटली की आवाज बंद होतो आणि क्ले घसरू लागतो, म्हणजे तो भाग झाला. दर दीड-दोन फुटांनी गोळा मळून स्वच्छ बाजू वर आणा. क्ले जमिनीवर पडला तर टाकून द्यायचा, कितीही नवा असला तरी. त्यात रुतलेला एक खडा बॉनेटभर रेघा पाडतो.

क्लेचे स्वतःचेही पुसट ओरखडे काळ्यावर उमटतात. म्हणून पॉलिश करायचं नसेल तेव्हा काळ्या गाडीला क्ले लावूच नये, असं माझं मत आहे.

मोजणं, झाकणं आणि एक चौकोन

गाडी कोरडी झाली की सावलीत एलईडी टॉर्च तिरकी धरून पाहा. ट्यूबलाइटखाली जी गाडी ठीक दिसते, तिच्यावर टॉर्चच्या ठिपक्याभोवती कोळ्याचं जाळं दिसेल. हे जाळं तुमच्या हाताने पडलं असेल किंवा तुमच्या आधी कोणाच्या. आता त्याचा विचार करू नका.

रंगाची जाडी मोजायचं मीटर मिळालं तर नक्की घ्या. डिटेलिंगवाले, म्हणजे गाड्यांची बारीक सफाई-पॉलिश करणारे, ते जवळ ठेवतात, ओळखीत विचारून पाहा. प्रत्येक पॅनेलवर पाच-सहा जागी मोजा. १०० ते १३० आलं तर कंपनीचा मूळ रंग. २०० च्या वर गेलं तर पॅनेल आधी रंगवलेलं आहे, आणि कित्येक शे आले तर खाली पुट्टी आहे. ८० च्या आसपास किंवा कमी असेल तर आधी कोणीतरी बरंच घासलेलं आहे. तिथे कंपाउंड बंद, फक्त हलकं पॉलिश. साधं मीटर प्लॅस्टिकच्या बंपरवर चालत नाही. मामांच्या बॉनेटवर ११० ते ११८ येत होतं. टपाच्या मध्यावर मात्र ८४. पूर्वी कोणीतरी तिथे जोरात मशीन चालवलं असणार. हा आकडा पाहिला नसता, तर मी टपावरच सगळ्यात जास्त घासलं असतं, कारण सगळ्यात खराब तोच दिसत होता.

मग मास्किंग टेप. काचांची रबरं, काळं प्लॅस्टिक, बॅज, हेडलाइट आणि पॅनेलच्या सगळ्या कडा झाका. कडांवर आणि बॉडीच्या उठलेल्या रेघांवर लॅकर सगळ्यात पातळ असतं. एकदा कड पांढरी झाली की रंगवण्यावाचून इलाज नसतो. खरबरीत काळ्या प्लॅस्टिकवर वाळलेल्या कंपाउंडचे पांढरे डाग निघता निघत नाहीत, तेही लक्षात ठेवा.

मशीन ड्युअल अ‍ॅक्शनचं घ्या. ज्याला सगळे डीए म्हणतात ते. त्याचं पॅड फिरता फिरता डुलतं, त्यामुळे उष्णता एका जागी साचत नाही. गॅरेजमध्ये दिसतं ते रोटरी मशीन जलद काम करतं, पण सराव नसलेल्या हातात काही सेकंदांत लॅकर जाळू शकतं. वर काळ्या रंगावर गोल-गोल सावल्या सोडतं, ज्या उन्हात गाडी वळली की तिच्याबरोबर सरकताना दिसतात. हाताने कंपाउंड मारून एखादा डाग जातो. पूर्ण काळी गाडी हाताने एकसारखी होत नाही, त्यात खांदे दुखवून घेऊ नका.

आता ज्या पायरीवर बहुतेक जण घाई करतात ती. बॉनेटवर टेपने दीड फुटाचा चौकोन आखा. त्यात सगळ्यात सौम्य जोडीपासून सुरुवात करा, म्हणजे मऊ फोमचं पॅड आणि फिनिशिंग पॉलिश. पुसा, टॉर्चने बघा. पुरेसं नाही वाटलं तर मध्यम पॅड आणि तेच पॉलिश. तरी नाही, तर मध्यम पॅड आणि कंपाउंड. ज्या जोडीने काम होतं ती लिहून ठेवा आणि तिथेच थांबा. मामांच्या गाडीला तिसरी जोडी लागली. तो चौकोन पुसला तेव्हा वरच्या मजल्यावरच्या गॅलरीतली कपड्यांची दोरी त्यात दिसली, दोरीवरच्या चिमट्यांसकट. टेपच्या पलीकडे नुसता करडा उजेड होता. मामा खुर्ची घेऊन तिथेच बसले आणि कितीतरी वेळ नुसते त्या चौकोनाकडे बघत होते.

मशीन चालवताना

पॅडवर कंपाउंडचे वाटाण्याएवढे चार-पाच थेंब. पॅड नवं असेल तर पहिल्या वेळी बोटाने सगळ्या पॅडवर पातळ चोळून घ्या. मशीन बंद ठेवून पॅड पत्र्यावर टेकवा, सगळ्यात कमी वेगावर दीड फुटाच्या चौकोनात पसरवा. मग वेग चार किंवा पाचवर. हात सावकाश चालवायचा, सेकंदाला साधारण इंचभर. आधी आडव्या ओळी, मग उभ्या, पुन्हा आडव्या, पुन्हा उभ्या. नांगरताना तासाला तास लागून जातो तशी प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर निम्मी चढली पाहिजे. पहिल्या दोन फेऱ्यांत मशीनच्या वजनावर थोडा दाब, शेवटच्या फेरीत नुसतं मशीनचं वजन.

पॅडमागच्या प्लेटवर मार्करने एक जाड रेघ ओढा. चालू मशीनमध्ये ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. ती थांबली म्हणजे दाब जास्त झालाय किंवा पॅड तिरकं पडलंय. मग मशीन नुसतं थरथरतं, काम काहीच होत नाही. नवशिक्याला शिकवायला यापेक्षा चांगला मास्तर नाही.

चौकोन झाला की पत्र्याला हाताची पाठ लावा. कोमट ठीक, हात पटकन काढावासा वाटला तर थांबा. बंपर प्लॅस्टिकचा असल्याने उष्णता पुढे जात नाही, तिथे वेग आणि दाब दोन्ही कमी ठेवा. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने किंवा कोरड्या टॉवेलने साफ करा, नाहीतर निघालेलं लॅकर आणि वाळलेलं कंपाउंड तुम्ही परत गाडीवर घासत राहता. एका गाडीला किमान पाच-सहा पॅड हाताशी असू द्या. माझा पहिला दिवस बॉनेट, डिकी आणि एका बाजूच्या दारांतच गेला, आणि तेवढंच व्हायला हवं.

कंपाउंड झालं की काळ्या रंगावर एक पुसट धुकं राहतं. जाळं गेलेलं असतं, पण काळा अजून खोल दिसत नाही. पांढऱ्या, चंदेरी गाडीवर इथे थांबलं तरी चालतं, काळ्यावर नाही. मऊ पॅड, फिनिशिंग पॉलिश, कमी दाब, सगळ्या गाडीवर पुन्हा एक फेरी. हे दुसरं काम पहिल्यापेक्षा हलकं आहे, पण डोळ्यांना फरक दिसतो तो इथे. मायक्रोफायबर फडक्याची शिवलेली कड आणि लेबल कापून टाका, काळ्यावर तेवढ्यानेही रेघ उमटते.

मग खरं काय झालं ते तपासा. बऱ्याच पॉलिशमध्ये तेलं असतात, ती चऱ्यांत बसतात आणि चरे गेल्यासारखे वाटतात. दोन धुण्यांनंतर सगळे परत हजर. म्हणून एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तीन भाग पाणी मिसळून फवारा आणि मऊ फडक्याने पुसा. पाणी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड घ्या. पुसल्यावर टॉर्चखाली जे दिसतं ते खरं. बाजारात "पॉलिश करून देतो" म्हणून जे काम होतं, त्यातलं बरंचसं या पुसण्यापुढे टिकत नाही. पैसे देऊन काम करून घेणार असाल, तर गाडी ताब्यात घेताना असं पुसून दाखवायला सांगा.

पाण्याचा पेपर, म्हणजे ओला करून वापरायचा बारीक पॉलिश पेपर, दोन हजार-तीन हजार नंबरचा घेऊन खोल खळगे घासायचा मोह होईल. मीटर जवळ नसेल तर पेपरला हात लावू नका.

वरचा थर

उघडं लॅकर तसंच ठेवायचं नाही. कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांपासून निघतं. काळ्यावर त्याची चमक फार सुंदर, ओलसर दिसते. आपल्या उन्हात ते महिना-दोन महिने टिकतं. सिंथेटिक सीलंट चार-सहा महिने जातं आणि नेहमी चालवायच्या गाडीला मी तेच सुचवतो. सिरॅमिक कोटिंग वर्षांच्या हिशोबात टिकतं, पण खाली राहिलेला प्रत्येक चरा त्याच्याखाली कायमचा बंद होतो. लावताना मिनिटांचा हिशोब असतो आणि पुसायला उशीर झालेला भाग परत घासूनच काढावा लागतो. पहिल्याच गाडीवर हा प्रयोग करू नका.

वॅक्स असो वा सीलंट, थर पातळ हवा. आरशावर तोंडाची वाफ धरते, तेवढाच. जाड लावलेलं फक्त पुसायला जड जातं, जास्त टिकत नाही.

त्यानंतर

गाडी पहिल्यांदा खराब झाली ती रोजच्या पुसण्यानेच. त्यामुळे पॉलिशच्या दुसऱ्या दिवशी मी सोसायटीत गाड्या पुसणाऱ्या काकांना भेटलो. ते एका बादलीत, एका फडक्याने दहा-बारा गाड्या पुसतात. यात त्यांची चूक नाही, त्यांना सकाळी आठच्या आत सगळ्या गाड्या उरकायच्या असतात. मामांच्या गाडीसाठी त्यांना मोजा, दोन टॉवेल आणि शॅम्पू वेगळा दिला. रोज पुसण्याऐवजी आठवड्यातून एकदा धुवायची, पैसे महिन्याचे तेवढेच, असं ठरलं. एकदा त्यांच्याबरोबर उभं राहून दोन बादल्यांचं धुणं करून दाखवलं. मधल्या दिवसांत धूळ बसली तर बसू दे. बसलेली धूळ काही करत नाही, फिरवलेलं फडकं करतं.

कव्हर घालायचं असेल तर स्वच्छ गाडीवरच घाला. धुळीवर घातलेलं कव्हर वाऱ्याने हलत राहतं आणि रात्रभर गाडी घासतं. पावसाळ्यात त्याखाली ओल धरते, तेव्हा ते काढूनच ठेवलेलं बरं. पक्ष्याची विष्ठा दिसली की त्याच दिवशी ओल्या घडीने उचला. काळा पत्रा उन्हात तापला की तिचा खळगा फार लवकर पडतो.

आणि दसरा. बॉनेटवर हळद-कुंकवाचं स्वस्तिक काढलं की दुसऱ्या दिवशी ते कोरड्या फडक्याने पुसलं जातं आणि बरोबर तिथेच गोल ओरखडे उमटतात. मामींनी या वेळी स्वस्तिक पुढच्या काचेच्या कोपऱ्यात काढलं. झेंडूची माळ तारेऐवजी सुती दोऱ्यात ओवून ग्रिलला बांधली आणि नारळ चाकापासून दोन पावलं लांब फोडला. संध्याकाळी काचेवरचं कुंकू ओल्या टॉवेलने निघालं.

टपावर वटवाघळांचे दोन खळगे अजून आहेत, आठ आण्याच्या नाण्याएवढे. टॉर्च तिरकी धरली तरच दिसतात. तिथे मीटर ८२ दाखवतं, म्हणून मशीन परत लावलं नाही, नुसतं सीलंट भरलं. मामांना ते दाखवले, तेव्हा त्यांनी त्यावर अंगठा फिरवून पाहिला. "राहू दे," म्हणाले, आणि किल्ली घेऊन जागा शोधायला निघाले, जांभळापासून लांबची.